आईच्या वहीतला कद्दिश

ऑकलंडमध्ये आमची दोन ठिकाणी उलटतपासणी होते. मराठी कार्यक्रमाला गेलं की, "ज्यू? आणि इतकं छान मराठी?" प्रार्थनेला गेलं की, "इंडियन? आणि ज्यू?" आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. आमचे पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली.

आई वारल्यावर बाबा ठाण्याचं घर बंद करून माझ्याकडे बॉटनी डाउन्सला आले. २०१६ साल असेल. वर्षाच्या दिवशी तिच्यासाठी कद्दिश म्हणायचा, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं. कद्दिश ही गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना. ती घरात म्हणून चालत नाही. दहा पुरुष हजर लागतात, आणि त्यांनी मध्ये मध्ये आमेन म्हणायचं असतं. बाबा ती एका वहीतून वाचत. शब्द जुन्या हिब्रू-अरामी भाषेतले, अक्षरं मराठी, आणि हस्ताक्षर आईचं.

आधी एकदा विचारून घ्यावं म्हणून मी त्यांना प्रार्थनेच्या जागी घेऊन गेले. कमिटीतल्या एका गृहस्थांनी वही हातात घेतली, उलटी धरली आणि विचारलं, "हिंदी?" मग बाबांना थोडं म्हणून दाखवायला सांगितलं. दोन ओळी होतात न होतात तोच त्यांनी हात वर केला. म्हणाले, फार गोड आहे, पण इथे आम्ही शुद्ध उच्चार करतो.

शुद्ध म्हणे! आम्ही शनिवारला शब्बाथ म्हणतो, कारण आमच्या पणजोबांच्या काळी बगदादकडच्या ज्यूंचा शेजार होता आणि त्यांनी तो थ पिढ्यानपिढ्या सांभाळला होता. या गृहस्थांचे आजोबा पोलंडचे. ते शब्बोस म्हणत. पुढे इस्राएलमध्ये ना थ राहिला ना स, सगळीकडे सपाट शब्बात झालं, आणि यांनीही आजोबांचा उच्चार मुकाट्याने गुंडाळून ठेवला. स्वतःच्या आजोबांचं बोलणं टाकून दिलेला हा माणूस माझ्या बापाला शुद्ध-अशुद्ध शिकवणार! घशातून काढायची जुनी अक्षरं याला जन्मात जमायची नाहीत. पण नाकाने कांदे सोलायला काय जातं?

हे सगळं मी आज बोलते आहे. तेव्हा मी "थँक्यू सो मच" म्हणाले. मी फार्मसिस्ट. काउंटरवर उभी राहून दिवसभर माझं इंग्रजी इथल्यासारखं वळवत असते. त्याच सवयीने घरी येऊन बाबांच्या फोनवर 'शुद्ध' कद्दिशचं रेकॉर्डिंग घातलं. तीन आठवडे बाबा मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या तारांखाली, कानात इअरफोन घालून पुटपुटत होते.

"बाबा, त. थ नाही."

"अगं, तोंडात बसलंय ते."

"मग उठवा. लोक हसतील."

लोक हसतील, हे मी माझ्या बापाला सांगितलं. त्या गृहस्थांना कशाला नावं ठेवू? मीही त्याच माळेतला मणी.

वर्षाच्या दिवशी बाबांनी एकही चूक केली नाही. वही उघडली नाही, सगळं पाठ म्हटलं. आमेन जागच्या जागी आले. त्या गृहस्थांनी बाहेर येऊन बाबांशी हात मिळवला. "स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या भाषेत झकास. मला वाटलं, जिंकलं.

घरी परतताना माउंट वेलिंग्टनच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा बाबांनी विचारलं, "चुकलं नाही ना गं काही?"

"नाही बाबा. अगदी बरोबर म्हणालात."

सिग्नल सुटला. बरंच पुढे आल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईला कळलंच नसेल, कोण म्हणतंय ते."



घरी आल्यावर त्यांनी टोपी काढली नाही. पिशवीतून वही काढली, हॉलमध्ये उभे राहिले आणि पहिल्यापासून म्हणायला लागले. प्रत्येक थ आपल्या जागी होता. नियमात हे बसत नव्हतं. दहा पुरुष नव्हते, एक मी होते, आणि बाईला त्या दहांत मोजत नाहीत.

जिथे जिथे म्हणायचं असतं, तिथे तिथे मी आमेन म्हटलं.