दुसरा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या शांत स्वभावाची साऱ्या वस्तीत ख्याती होती, आणि ती ऐकून हसू दाबणारं माणूस एकच होतं. ते म्हणजे त्यांची बायको.

ख्याती खोटी नव्हती, बरं का. बाकी सगळ्यांनी हात टेकलेली मंडळी शेवटी मास्तरांकडे यायची. समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेणारे एक हिशेबनीस होते. हॉर्न वाजवला की काच खाली करून रस्त्यावरच्या माणसाची माफी मागणाऱ्या एक बाई होत्या. मास्तर शेजारी बसायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हरकत नाही. परत करू." आवाज कधी चढला नाही, कपाळाला कधी आठी पडली नाही. लोक म्हणायचे, माणूस आहे की बर्फाची लादी.

आता यातली गोम अशी, की शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याच्या पायाशी एक आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा. समोरचा चुकायला लागला की मास्तरांचा पाय जायचा, गाडी थांबायची, आणि मग मास्तर गोड आवाजात "हरकत नाही" म्हणायचे. "असा एक ब्रेक माझ्याही पायाखाली बसवून द्या," बायको म्हणायची, "मग बघा मीसुद्धा कशी संत होते ती." ती दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. सुई टोचून झाली तरी माणसाला पत्ता लागायचा नाही, असा तिचा हात हलका. जिभेचं मात्र तसं नव्हतं.

त्यांची मुलगी दुसरीत होती. नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण वर्गात सगळ्यात बुटकी म्हणून ती सगळ्यांची टिल्ली. टिल्लीला वाचायला शिकवायचं काम मास्तरांनी ती पहिलीत गेली तेव्हापासून अंगावर घेतलं होतं. शिकवण्याचा धंदाच त्यांचा, त्यात दुसऱ्याला कोण विचारतो? रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टिल्ली पुस्तक उघडायची आणि मास्तर बसायचे. समोर नाही, शेजारी, गाडीतल्यासारखे. हात मांडीवर. टिल्ली वाचायला लागायची. एखादा शब्द चुकायला लागला की आपली आपणच थांबायची, परत बघायची आणि बरोबर वाचायची. मास्तरांना तोंड उघडावं लागायचं नाही. "पोरगी हुशार आहे," ते म्हणायचे, "स्वतःची चूक स्वतः ओळखते."

एकच कटकट होती. वाचन चालू असलं की टेबल हलायचं. बायकोने बऱ्याचदा सांगितलं, "अहो, तुम्ही वाचायला बसलात की टेबल हलतं." मास्तरांनी पुठ्ठ्याची घडी करून टेबलाच्या पायाखाली सारली. तरी हलायचं. मग त्यांनी आणखी जाड पुठ्ठा सारला.

अशात शाळेतल्या बाईंनी दोघांना बोलावून घेतलं. बाई वयाने लहान होत्या, घसा कायमचा बसलेला, आणि बोलणं सरळ. "टिल्ली वर्गात वाचत नाही," त्या म्हणाल्या. "उभी राहते, पहिला शब्द वाचते आणि गप्प. मग खाली बघत राहते. मी रागवत नाही, तरी तोंडाला कुलूप. त्यात मुलं हसली, की मग बघायलाच नको."

"घरी तर घडाघडा वाचते," मास्तर म्हणाले. त्यांच्या नाकाला जरा मिरच्याच झोंबल्या. "एक चूक होत नाही."

"तेच तर मला कळत नाही," बाई म्हणाल्या. "सहामाहीच्या शेवटी पालकांसमोर वाचन आहे. प्रत्येकाने एक पान वाचायचं. तिथेही ती अशीच उभी राहिली, तर मला तिला पहिलीच्या मुलांमध्ये वाचायला बसवावं लागेल. ते एक वेळ चालेल. पण एवढ्या लोकांसमोर हसं झालं ना, की मूल पुस्तकाचाच धसका घेतं. तो धसका निघता निघत नाही. म्हणून सांगते, घरी रोज थोडं वाचून घ्या. तुम्ही काही करू नका. नुसतं ऐका."

नुसतं ऐका म्हणे. नुसतं ऐकणं हे काय काम झालं? ते रेडिओसमोर बसलेला माणूसही करतो. घरी पोचेपर्यंत मास्तरांनी निकाल देऊन टाकला होता: दोष शाळेचा. वर्गात गोंगाट, खिडकी रस्त्यावर, बाईंचा आवाज असा. उपाय एकच, सराव वाढवायचा. संध्याकाळच्या वाचनाला सकाळचं वाचन जोडलं. टिल्ली घरी आणखी बिनचूक वाचायला लागली आणि शाळेत आणखी लवकर गप्प व्हायला लागली. अख्ख्या वस्तीला गाडी हाकायला शिकवणाऱ्या माणसाची पोर भर वर्गात बंद पडते, यातली लाज एकीकडे. पण घरी येऊन "आज पण नाही वाचलं" असं ती ज्या बारीक आवाजात सांगायची, तो आवाज त्यांना दिवसभर पुरायचा.

एके दुपारी लॅबमध्ये बायकोची पाळी लांबली आणि शेजारच्या मावशीही घरी नव्हत्या. मास्तरांनी टिल्लीला शाळेतून घेतलं आणि गाडीत मागच्या सीटवर बसवलं. पुढे स्टिअरिंगवर होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर लोकांना "घाबरू नका, काही होत नाही" असं सांगणाऱ्या या बाई गाडीत बसल्या की जीव मुठीत धरायच्या. "मागे शांत बसायचं हं," मास्तरांनी टिल्लीला बजावलं. "काकू शिकतायत."

गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली. थोडा वेळ मागून आवाज नव्हता. मग टिल्ली दुकानांवरचे बोर्ड वाचायला लागली, आपल्याशीच, पण चांगलं मोठ्याने. "इथे चाव्या बनवून मिळतील." "छत्र्या, पिशव्या, पट्टे." "मालकाच्या परवानगीशिवाय गाडी लावू नये." एवढं लांबलचक वाक्य ती न थांबता, न अडखळता वाचून गेली. मास्तरांची छाती फुगली. डोळे रस्त्यावर होते, पाय डॉक्टरीणबाईंच्या चुकांवर होता, आणि कान मागच्या सीटवर.

"सायकल दुरुस्ती व सुट्टी भाग," टिल्लीने वाचलं.

आणि गाडी करकचून थांबली.

रस्ता पुढे साफ मोकळा होता. मागची व्हॅन हॉर्नवर हात ठेवून बसली. डॉक्टरीणबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. "काय चुकलं माझं?" त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आरसा बघितला होता मी. गिअर बरोबर होता. होता ना?"

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यातून "हरकत नाही" बाहेर येईना.

"तुमचं नाही चुकलं काकू," मागून टिल्ली म्हणाली. "माझं चुकलं. सुटे. सुटे भाग."

"तुला कसं कळलं?" डॉक्टरीणबाईंनी मागे वळून विचारलं.

"बाबाने पाय दाबला ना." टिल्लीला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "घरी पण दाबतो, टेबलाखाली. दाबला की चुकलं. नाही दाबला की पुढे जायचं."

"आणि शाळेत गं?" मास्तरांनी विचारलं.

"शाळेत बाईंच्या टेबलाला पुढून फळी आहे," टिल्ली म्हणाली. "पाय दिसतच नाहीत. मग कसं कळणार?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा जागेवर बसवला. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "माझं बरोबर असलं तरी कधीकधी गाडी थांबते. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकत असणार." मास्तरांनी त्यांना पुढच्या वळणावर गाडी बाजूला घ्यायला सांगितलं आणि स्वतःच्या पायाकडे बघत बसले.

घरी बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. वाकून तिने टेबलाच्या पायाखालचे पुठ्ठे काढले आणि केराच्या डब्यात टाकले. टेबल ठणठणीत उभं होतं. "आता पाय वर घ्या," ती म्हणाली.

तर त्या संध्याकाळपासून मास्तर खुर्चीवर मांडी घालून बसायला लागले. तुम्हाला वाटेल, चला, प्रश्न मिटला. कसलं काय. टिल्लीने टेबलाखाली वाकून बघितलं, पाय नाहीत म्हटल्यावर पहिला शब्द वाचला आणि थांबली. अगदी शाळेतल्यासारखी. "बाबा, पाय खाली ठेव ना," ती म्हणाली. मास्तरांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. हिला वाचता येतं, आणि हिचा स्वतःवर भरवसा नाही, आणि तो आपणच पायाखाली घातला. "चुकलं तर चुकू दे," ते म्हणाले. म्हणाले खरे, पण पाय बांधले तर जीभ टाळ्याला लागून चुक् वाजली. जीभ आवरली तर मान हलली. शेवटी बायकोने त्यांना मोरीकडे तोंड करून उभं केलं आणि हातात भांडी दिली. मास्तर कढई घासायचे आणि पाठीमागे टिल्ली अडखळत, चुकत, उलटसुलट वाचायची. एकेक चूक त्यांच्या मणक्यातून खाली जायची. एवढी वर्षं माणसं शिकवली, पण इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. कढया मात्र लखलखीत झाल्या.

पुढच्या दिवसांत टिल्लीचं थांबणं थोडं कमी झालं. थोडंच. आणि वाचनाचा दिवस येऊन ठेपला.

वर्गात पालकांना मुलांच्या बाकांवर बसवलं होतं. गुडघे हनुवटीला लागलेले, मोठी मोठी माणसं. मास्तर आणि बायको तिसऱ्या ओळीत एका बाकावर, शेजारी कुणाचे तरी आजोबा. टिल्लीचं नाव पुकारलं. ती फळ्यासमोर उभी राहिली, पुस्तक उघडलं, पहिला शब्द वाचला आणि गप्प झाली.

कुठूनतरी एक खुसफुस आली. बाईंनी काही म्हटलं नाही. टिल्लीची नजर खाली वळली. बाकांच्या खालून, सगळ्या पालकांच्या बुटाचपलांमधून ती काहीतरी शोधत होती. काय शोधतेय ते तिथे फक्त दोघांना ठाऊक होतं.

मास्तरांनी दोन्ही पाय उचलले. बुटांसकट, सरळ हवेत. बाक हलका, तो मागे कलंडायला लागला, तशी बायकोने एका हाताने त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्याने पुढची फळी. आजोबा दचकून बघायला लागले. "पायात गोळा आला का?" त्यांनी विचारलं.

"हो," मास्तर म्हणाले.

टिल्लीने ते हवेतले पाय बघितले. मग पुस्तकाकडे बघितलं आणि वाचायला लागली. दुसरा शब्द. तिसरा. एक अख्खी ओळ. पानाच्या मध्यावर ती एक शब्द साफ चुकली. मास्तरांचा पाय हवेतल्या हवेत फडकला, पण तिथे दाबायला काही नव्हतं. टिल्ली पुढे गेली. पान संपेपर्यंत थांबली नाही. मास्तरांच्या पोटऱ्या थरथरत होत्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि आजोबांनी सहानुभूतीने त्यांचा गुडघा चोळून दिला.

बाहेर पडताना मास्तर लंगडत होते. टिल्लीने त्यांचं बोट धरलं होतं.

"बाबा, मध्ये एक चुकलं होतं ना माझं?"

"मला नाही कळलं बुवा," मास्तर म्हणाले. "मी नुसता ऐकत होतो."

"मला कळलं होतं," टिल्ली म्हणाली. "पण रस्ता मोकळा होता, मग गेले पुढे."