अंगभर भोवऱ्यांचा जोडीदार

आमच्या घरात गिनीपिग आला तो नणंदेमुळं. ती सोलापुरात राहायची. नवऱ्याची बदली हैदराबादला झाली, तेव्हा जाता जाता हायवेवर गाडी थांबवून तिनं एक पिंजरा आमच्या जळकोटच्या घरात आणून ठेवला. "वहिनी, तिकडं सामान लागेपर्यंत फक्त," म्हणाली. तिचं सामान अजून लागतंय.

पिंजऱ्यात मोठ्या रताळ्याएवढा, तपकिरी-पांढरा प्राणी होता. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. आत्यांनी त्याला चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाल्या, "उंदीर म्हणावं तर शेपूट न्हाई, ससा म्हणावं तर कान न्हाईत. देवानं उरल्यासुरल्या मातीचा केला वाटतं." माझी लेक तेव्हा चौथीत होती. ती दर सोमवारी त्याचं नवं नाव ठेवायची, त्यामुळं एकही नाव टिकलं नाही. शेवटी सगळेजण त्याला पाव्हणा म्हणायला लागलो.

मामांना तो मुळीच आवडला नाही. मामांचं सगळं आयुष्य बैल पारखण्यात गेलेलं. दोन-चार गावांत कुणाला जोडी घ्यायची असली की मामांना बरोबर न्यायचे. दात बघायचे, खुरं बघायची, चालवून बघायचं आणि अंगावर केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत ते बोटानं तपासायचं, कारण नको तिथं भोवरा असला तर बैल अशुभ. एकदा मामा "न्हाई" म्हणाले की धनी बैलाला घेऊन गुमान पुढं जायचा. अशा माणसाच्या ओसरीवर हा रताळ्याएवढा पाव्हणा. "ह्याचा उपेग काय?" हा त्यांचा एकच प्रश्न.

पण म्हशीला लसूणघास आणायचे मामाच. तो हिरवा भारा दारात टेकला की पाव्हणा शिट्ट्या मारायला लागायचा. अशा मोठ्या, की रस्त्यावरून जाणारा माणूस मागं वळून बघायचा. मामा ओरडायचे, "आरं थांब की, सावकाराच्या पोटचा हाइस का?" आणि म्हशीच्या आधी पहिली मूठ त्याला टाकायचे.

उन्हाळ्याची सुट्टी संपली. लेक शाळेत जायला लागली. मी दिवसभर ब्लाउज शिवायला मशीनवर, आत्या शेतात, माझे मालक कामावर. पाव्हणा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसायला लागला. भारा आला तरी शिट्टी नाही. घास तसाच सुकून जायचा. मामांनी दोन दिवस घास दुसऱ्या वावरातून आणला. मग कोथिंबीर आणली. मग मला विचारलं, "पोरी, ह्याला कुणी बोललं का काय?"

त्याच आठवड्यात म्हशीला बघायला गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. मामांनी अगदी सहज बोलल्यासारखं करून त्यांना ओसरीवर नेलं. डॉक्टरांनी पाव्हण्याला उचललं, पोट दाबलं, दात बघितले, नर आहे म्हणाले.

"ह्याला रोग काही नाही. हे प्राणी कळपात राहणारे. एकटा पडलाय, म्हणून खात नाही."

"मग औषध लिहून द्या."

"औषध म्हणजे दुसरा आणा. आणि नरच आणा बरं का. मादी आणाल तर गोठा भरेल."

डॉक्टर गेले. मामांनी खुंटीवरचा पटका काढून झटकला. मग म्हणाले, "जनावर निवडायचं म्हणल्यावर म्या गेल्याबिगर कसं व्हईल?"

मला अस्तर आणि हुक आणायला सोलापूरला जायचंच होतं. आम्ही दोघं एसटीनं गेलो. मासे, पोपट आणि असली जनावरं विकणारं एक दुकान नणंदेनं फोनवर सांगितलं होतं. मामा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून निघाले होते. दुकानात शिरल्यावर त्यांनी काचेच्या पेट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. गिनीपिगांसमोर उकिडवे बसले आणि एकेक बाहेर काढायला लावला. दात. नखं. छाती. मग दुकानदाराला म्हणाले, "चालवून दाखवा."

दुकानदार मध्यमवयीन मुसलमान माणूस होता, फार शांत. "चाचा, ये बैल नही है," म्हणाला. पण त्यानं फरशीवर सोडून दाखवला.

मामांनी एक काळाभोर, रुंद छातीचा गडी पसंत केला. अंगावर एक भोवरा नाही, चाल दमदार. मग त्यांनी उजव्या हातावर टॉवेल टाकला आणि हात पुढं केला. गुरांच्या बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं धरून, चारचौघांना न कळता. दुकानदाराला ते ठाऊक नसावं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला उठवत नाही. त्यानं टॉवेलासकट हात धरून मामांना उभं केलं, खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. मामांनी पाणी पिऊन मुकाट्यानं सांगितलेला भाव दिला. 

घरी आत्या दारातच उभ्या होत्या. मामांनी काळ्याचं तोंड उघडून दाखवलं. "बघ दात. एकसारखे."

"ह्ये मला बघायला आल्ते तवा माझेबी दातच बघितले व्हते," आत्या मला म्हणाल्या, पण ऐकू जाईल अशा आवाजात.

"मग? काय चुकलं का?" मामा म्हणाले.

काळ्याला सरळ पाव्हण्याच्या पिंजऱ्यात सोडला. पहिल्यांदा दोघं स्तब्ध झाले. मग दोघांचेही केस फुगले, दातावर दात कटाकट वाजायला लागले आणि पुढच्या क्षणी पिंजऱ्यात नुसती भुसकटाची वावटळ उठली. लेक किंचाळली. मामांनी सोडवायला हात घातला आणि दोघांपैकी एकानं त्यांच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. मी वरून परडी घालून काळ्याला वेगळा केला. पाव्हणा कोपऱ्यात थरथरत बसला.

"दोन खोंडं एका दावणीला बांधलीत व्हय?" आत्या म्हणाल्या.

मामांनी आयुष्यात निवडलेलं एकही जनावर माघारी गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पारावर त्यांना अंगठ्याच्या पट्टीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी "दाव्याचा वळ" असं सांगितल्याचं माझ्या कानावर आलं.

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कुठला घ्यायचा ते तुम्ही नका ठरवू. तुमचा घेऊन या. त्याचं ज्याच्याशी जमेल तो न्या. काळा मी बदलून देतो."

पुन्हा एसटी. या वेळी माझ्या मांडीवर काळ्याची परडी, मामांच्या मांडीवर पाव्हण्याची. कंडक्टर आला.

"बाबा, कोंबडी हाय का?"

"न्हाई."

"मांजर?"

"न्हाई."

"मग काय हाय?"

"पाव्हणा हाय. पोरगं बघाय चाललाव," मामा म्हणाले. त्यांना खरंच तसंच वाटत होतं, पण पुढची तीन बाकडी हसली. नळदुर्ग येईपर्यंत दोन्ही परड्या सगळ्या गाडीतून फिरून आल्या. एक बाई मला म्हणाली, "काळा चांगला हाय की, ह्यो का परत करायलाव?" मामांनी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानदारानं फरशीवर धुतलेलं पोतं अंथरलं, मधोमध कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि पाव्हण्याला सोडलं. मग एकेक गिनीपिग समोर आणला. पहिल्याला बघून पाव्हण्यानं दात वाजवले. दुसऱ्याकडं पाठ केली. तिसरा पांढराशुभ्र, मामांनी मनातून तोच धरलेला. "ह्यो जमंल," ते माझ्या कानात म्हणाले. पाव्हणा सरळ त्याच्याजवळ गेला, वळला आणि त्याच्या तोंडावर मुतला.

"नको म्हणतोय," दुकानदार म्हणाला.

चौथा त्यानं काढलाच नव्हता. तो पोपटांच्या पिंजऱ्याखालच्या खोक्यातून आपणहून बाहेर आला. लहान, हडकुळा, एका कानाचा काठ फाटलेला, आणि अंगावरचे केस दहा दिशांना उभे, जणू कुणी ओल्या केसांत बोटं फिरवून तसाच वाळवलाय. तो हळूहळू पोत्यावर आला आणि पाव्हण्याच्या हनुवटीखाली डोकं घालून बसला.  पाव्हण्यानं त्याचा कान हुंगला. मग पाव्हण्याच्या पोटातून एक बारीक घरघर निघाली, लांब कुठंतरी मळणीयंत्र चालल्यासारखी. तो आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळानं दोघं एकाच काडीची कोथिंबीर दोन टोकांनी खायला लागले.

मी खूश. मामांनी मात्र चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या हडकुळ्याला उचलून उजेडात धरला.

"कपाळाला भोवरा," ते म्हणाले. "खांद्याला भोवरा. पाठीला. कुल्ल्यावर दोन्ही अंगानं. पोरी, ह्याच्या तर अंगभर भोवरे हायत गं! असला बैल दारात आला तर म्या धन्यालाबी पाणी इचारलं नसतं."

"चाचा, ही जातच भोवऱ्याची," दुकानदार म्हणाला.

मामांनी हडकुळ्याला खोक्यात ठेवला आणि पांढऱ्याला पुन्हा पोत्यावर घेतला. पाव्हण्याला समजावलं, "आरं, नीट बघ. घाई करू नगंस." पाव्हणा पांढऱ्याला वळसा घालून गेला आणि खोक्यावर पुढचे पाय ठेवून शिट्टी मारायला लागला. घरी जशी मारायचा तश्शी. कितीतरी दिवसांनी.

मी म्हणाले, "मामा, नांदायचं त्याला हाय."

मामांनी पांढऱ्याला दुकानदाराच्या हातात दिला. मग म्हणाले, "व्हय. पर तुझ्या आत्याला काय सांगू?"

काळा बदलून देताना दुकानदारानं बजावलं होतं, की घरी गेल्यावर पिंजरा धुऊन, भुसा बदलून मगच दोघांना सोडा, म्हणजे जागा दोघांनाही नवी वाटेल. म्हैस धुवायच्या ब्रशनं मामांनी पिंजरा स्वतः घासला, उन्हात वाळवला. दोघांना सोडलं तेव्हा थोडी पळापळ झाली, पाव्हणा हडकुळ्याच्या मागं दोनदा धावला, आणि मग दोघं एकमेकांना टेकून पसरले. लेकीनं टाळ्या वाजवल्या. आत्या वाकून बघत राहिल्या.

"ह्याचे केस कुणी उलटे इंचरलेत?"

"त्यांच्यात तसंच असतंय," मामा चटकन म्हणाले.

भोवऱ्याचा विषय निघायचा तो निघालाच. मामांच्या बरोबर बाजार केलेले एक म्हातारे गृहस्थ चहाला आले. ओसरीवर बसले, पिंजऱ्याकडं बघितलं आणि त्यांची बशी हातातच राहिली.

"आरं, ह्याला तर भोवरे हायत. तू आनलास?"

मी दारामागं उभी होते. मामा काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

"ह्यांच्यात भोवरा शुभ असतोय," मामा गंभीरपणे म्हणाले. "जितके जास्त तितका चांगला. लई हिंडलो, तवा घावला."

त्या गृहस्थांनी मान डोलावली. बैलाबाबत मामांचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता, तो गिनीपिगाबाबत कसा पडू देतील? ते उठून पिंजऱ्यापाशी गेले आणि आदरानं बघत राहिले. हडकुळ्यानं त्यांच्या धोतराचा सोगा जाळीतून आत ओढला आणि पाव्हण्याच्या मदतीनं खायला सुरुवात केली.