वासराच्या कानातले केस

माझं सगळ्यात मोठं चित्र पोस्टकार्डाएवढं आहे. बाकीची त्याहून लहान, बहुतेक काडेपेटीएवढी. लोक विचारतात, इतकं लहान का? मी सांगायचो, खोली लहान होती म्हणून. ते काही खोटं नाही. धुळ्यात मी एका सरकारी ऑफिसात ट्रेसर होतो. कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवायचे, हेच काम. तिथे जाड कागदाच्या कडेच्या पट्ट्या कापून टाकत, त्या मी घरी आणायचो. खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली पाट, आणि सकाळी ऑफिसच्या आधी दीड-दोन तास चांगला उजेड. त्यात जेवढं मावेल तेवढं काढलं.

आमच्या घरातला मी पहिला बी.ए. हे मी अजून सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. ऑफिसात त्याचं कुणाला काही नव्हतं. सगळे मिळून चहाला जात. मला बोलावलं नाही असं नाही. दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा मी नको म्हणालो, मग ते सुटलंच. रविवारी दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस एकच, दूधवाला. त्याच्याकडून मी वासराच्या कानातले केस मागून घ्यायचो. मी कसलं तरी औषध करतो, अशी त्याची समजूत होती.

त्या केसांचा ब्रश होतो. ही युक्ती शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी सांगितली होती. पिंपळनेरजवळच्या आमच्या गावात तेव्हा विकतचा ब्रश कुठला? मी सातवीत असेन. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, वासरू धरलं आणि मी त्याच्या कानातले केस कात्रीनं कापले. वासरानं लाथ झाडली, ती अक्काला बसली. मी मात्र हात हलू दिला नाही. केस दोऱ्यानं बांधून कबुतराच्या पिसाच्या नळीत बसवले, आणि पहिल्यांदा केसाएवढी रेघ ओढता आली. ती लाथ आणि न हललेला हात, हे मी पुढे बऱ्याच जणांना ऐकवलं आहे.

चित्रं सगळी त्या घराचीच. ओटा, गोठा, बाभळीला बांधलेली बकरी, दोरीवर वाळणारं लुगडं. धुळ्यात बसून मी ते घर इंच इंच काढत होतो. दाखवणार कुणाला, हा प्रश्नच नव्हता. मग ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा जळगावच्या एका वाचनालयानं तीन दिवस हॉल दिला. निळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून बावीस चित्रं लावली. माझी इच्छा एकच होती. कुणीतरी चित्राशी थांबावं आणि आत काय आहे ते बघावं.

लोक आले, नाही असं नाही. मीच एक चूक केली. टेबलावर भिंग ठेवलं, दोरी बांधून. पोरं भिंगातून एकमेकांचे दात बघू लागली. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "डोळे जातील हो तुमचे." केळीचा माल भरणारा एक जण बराच वेळ उभा होता. मला वाटलं, हा बघतोय. तो वळून म्हणाला, "तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिता का, भाऊ? पुतणीच्या लग्नात द्यायचंय."

"नाही."

"मग एवढं बारीक शिकून काय उपयोग?"

भिंग मी पिशवीत टाकलं. अभिप्रायाच्या वहीत दोन दिवसांत बरीच पानं भरली. 'किती बारीक काम!' 'धन्य ती चिकाटी.' 'डोळ्यांची काळजी घ्या.' बकरीबद्दल एक शब्द नाही. मी खुर्चीवर बसून ती वही पुन्हा पुन्हा वाचायचो आणि वाचनालयाचा शिपाई मला वाचताना बघायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. तिला अमळनेरला दिलेली. माझं कॉलेज तिच्याच घरी राहून झालं, तीन वर्षं तिच्या हातचं जेवलो. नोकरी लागल्यावर मात्र तिच्याकडे जाणं वर्षाला एकदावर आलं होतं. प्रदर्शनाचं कार्ड टाकलं होतं, पण ती पॅसेंजरनं एकटी येईल असं वाटलं नव्हतं. तिनं पिशवी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्या चित्राला नाक लावलं.

"हाई आपली बकरी शे."

"हो."

"दाढी बी काढी तू तिनी!" ती हसली. पुढच्या चित्राशी गेली. "हाऊ आपला ओटा. हाई मायनं लुगडं." अशी ती एक-एक करत बाविसाव्यापर्यंत गेली, बोट चित्रापासून वीतभर लांब धरून. मी मागे मागे. शेवटच्या चित्रात गोठा होता आणि वासरू.

ती तिथून हलेना. मग म्हणाली, "वासरूना कान काढा तू. मंग त्याले धरनारी कोठे शे?"

मी बाविसाच्या बावीस चित्रांवर नजर फिरवली. माणूस एकातही नव्हता.

"एवढ्या लहानात माणसं येत नाहीत, अक्का."

"बकरीनी दाढी येस तुले, अन् बहीण येत नही?"

शिपाई मोठ्यानं हसला. मलाही हसावं लागलं. गाडीची वेळ झाली तेव्हा तिनं वही मागितली. ती चौथी शिकलेली. अक्षर जुळवत तिनं लिहिलं, 'बकरी आपलीच शे.' आणि गेली.

पुढच्या रविवारी धुळ्याच्या खोलीत मी गोठ्याचं चित्र पाटावर घेतलं. वासराजवळ तिळाएवढी जागा होती. ब्रश भिजवला. तिनं कान कोणत्या हातानं धरला होता, ते आठवेना. दुसरा हात कुठे होता, तेही नाही. रंग वाळून गेला. त्या घरातल्या ओट्याचा प्रत्येक पोपडा मला पाठ होता.

नंतरच्या रविवारी चित्र, ब्रश आणि रंगाच्या डब्या घेऊन अमळनेरची एस.टी. धरली. अक्का ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी विचारलं.

"डावा हातम्हा कान," ती म्हणाली, "अन् उजवा तुना डोकावर."

"माझ्या डोक्यावर कशाला?"

"तू रडत व्हता ना! लाथ तुले बसनी, माले नही."

मी तिथेच ओट्यावर बसलो, मांडीवर पाट घेऊन. तिनं सूप बाजूला सारलं. डाव्या हाताची मूठ केली, कान धरल्यासारखी. उजवा हात हवेत धरला, सातवीतल्या पोराच्या डोक्याच्या उंचीवर, आणि माझं काढून होईपर्यंत तो तिथून हलवला नाही.