रस्ता बघणारा भटू

दमणला कुठल्या बारमध्ये बसावं, हे ठरत नसलं की सुरतेतली आपली खानदेशी पोरं गोडादऱ्यातल्या भटूला फोन लावायची. आणि भटूही हातचं राखून न ठेवता सांगायचा. कुणी पहिल्यांदाच येतोय? मग जेटीजवळच्यात जा, तिथल्या पायऱ्यांवर चांगला उजेड असतो. सोबत बायका आहेत? मग ‘कंदील’. तिथला दरवान टक लावून बघत नाही आणि कुणाला जास्त झाली की मालक स्वतः येऊन ‘आता जेवून घ्या’ म्हणतो. नारळाच्या झाडांवाल्याकडे मात्र जाऊ नका. तिथून माणसं भांडतच बाहेर पडतात, म्हणजे आत काहीतरी बिनसलेलं आहे.

यातली गंमत अशी की पंधरा वर्षांत भटू यातल्या एकाही बारच्या आत गेलेला नव्हता. त्याची सगळी विद्या पार्किंगमधली. कुठला स्वयंपाकी ड्रायव्हर लोकांना गरम जेवण पाठवतो, कुठे त्यांना साधा संडास वापरू देत नाहीत, आत गेलेला माणूस किती वेळाने आणि कुठल्या तोंडाने बाहेर येतो, यावरून तो बारची पारख करायचा. आत जाऊन बसणाऱ्यांना एवढं कळत नाही, कारण त्यांचं लक्ष ग्लासात असतं.

गुजरातेत दारूबंदी आहे. त्यामुळे सुरतेत कोण पितो हे कुणालाच ठाऊक नसतं, निदान तसं दाखवायची पद्धत आहे. कापड मार्केटमधली पोरं शनिवारी ‘देवदर्शनाला’ निघतात आणि दमणला पोचतात. त्यांना नेणारी सात जणांची अर्टिगा भटूची. शिंदखेड्याकडून विशीत आलेल्या भटूने उधन्याला वीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात त्याचा डावा कान गेला, मग त्याने गाडी धरली. ड्रायव्हरचा डावा कान नेमका गाडीतल्या मंडळींकडे असतो. ‘काकांना ऐकू येत नाही’ म्हणून पोरं वाटेल ते बोलतात. भटूचा उजवा कान ठणठणीत आहे, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गाडीचे नियम तीन. रात्री परत निघायचं नाही. तिथेच झोपायचं, सकाळी लिंबूपाणी घ्यायचं, डोकं जाग्यावर आलं की निघायचं. हद्दीवरच्या पातलियाच्या पोलीस चौकीआधी पिशव्या उघडून दाखवायच्या, एक बाटली गुजरातेत येणार नाही. आणि तिसरा नियम भटूचा स्वतःसाठी: चौकीच्या पलीकडचं पलीकडेच राहील, अलीकडे त्यातला एक शब्द येणार नाही. या तिसऱ्या नियमावरच त्याचा धंदा चालत होता.

पण जिथे कुणालाच काही ठाऊक नाही, तिथे ज्याला ठाऊक आहे त्याचं घर लोक बरोबर शोधून काढतात. लग्नसराई जवळ आली की मुलींचे बाप भटूच्या दाराशी येऊन बसायचे. हातात मुलाचा बायोडाटा, त्यात उंची, शिक्षण, गोत्र आणि शेवटी ठळक अक्षरात ‘निर्व्यसनी’. चहा होईपर्यंत पाऊसपाण्याच्या गोष्टी आणि मग आवाज खाली आणून एकच प्रश्न: पोरगा पितो का?

भटूचं उत्तर ठरलेलं.

“मी रस्ता देखस, दादा. मांगे कोन काय करस, माले काय म्हाईत?”

राघोलाही त्याने हेच उत्तर दिलं होतं. राघो कुणी परका नव्हता. उधन्याच्या कारखान्यातल्या एकाच खात्यात दोघांनी शेजारशेजारचे लूम चालवले होते, एका डब्यात जेवले होते. त्याच्या मुलीला, सुषमाला, कुंदन नावाच्या मुलाचं स्थळ आलेलं. कुंदन भटूच्या गाडीत नेहमीचा. दोन बिअर घ्यायचा, तिसरी कधी नाही. मग रात्रभर बाकीच्यांचं करायचा. कुणाला उलटी झाली तर त्याचं कपाळ धरायचा, कुणी रडायला लागला तर बाजूला नेऊन बसायचा. आणि प्रत्येक वेळी न चुकता पार्किंगमध्ये येऊन विचारायचा, “काका, जेवलात का?” इतक्या वर्षांत असं विचारणारा तो एकटाच.

राघोने विचारलं तेव्हा हे सगळं भटूच्या ओठांवर आलं होतं. पण तो म्हणाला, “मी रस्ता देखस.” राघोने त्याचा अर्थ लावायचा तोच लावला. नसता पीत, तर भटूने छातीठोक सांगितलं असतं. कुंदनचं स्थळ मोडलं आणि सुषमा कामरेजच्या एका खऱ्याखुऱ्या निर्व्यसनी मुलाला दिली. दोन वर्षांनी ती एक पिशवी घेऊन माहेरी आली. नवरा दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. जे मारायचा ते पूर्ण शुद्धीत मारायचा. त्याला दोन वर्षं झाली, सुषमा अजून बापाकडेच आहे. राघोने भटूला कधी बोल लावला नाही. भटूनेच त्याच्या गल्लीतून जाणं सोडलं.

आणि यंदा बायोडाटा भटूच्याच घरी आला.

त्याची वर्षा पंचवीस वर्षांची. एम्ब्रॉयडरीच्या युनिटमध्ये कम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं काढते. स्थळ योगराजचं. मार्केटमध्ये साड्यांच्या लेसचं घरचं दुकान, दिसायला छान, बोलायला गोड आणि शेवटी ठळक अक्षरात निर्व्यसनी. भटूच्या बायकोने, शोभाबाईने, त्या कागदाला कुंकू लावून तो देवापुढे ठेवला.

“तुम्ही काहीच का बरं बोलत नही?” तिने जेवताना विचारलं. “तुमना गाडीमा बसेल शे ना तो? पेस का?”

भटू ताटात बघत म्हणाला, “नही पेत.”

पंधरा वर्षांत असल्या प्रश्नाला त्याने दिलेलं हे पहिलं थेट उत्तर. त्यात खोटं एक अक्षरही नव्हतं आणि तरी आपण आत्ता बायकोला फसवलं, हे घास तोंडात असतानाच त्याला कळलं. शोभाबाईने तर समोरच्या घरी जाऊन सांगितलंसुद्धा. तिच्या लेखी सोयरीक जुळलीच होती.

योगराज पीत नव्हता, हे खरंच होतं. तीन वेळा तो भटूच्या गाडीतून दमणला गेला, तिन्ही वेळा त्याने फक्त सोडा घेतला. पीत नव्हता, कारण त्याला सगळं लक्षात ठेवायचं असायचं. दुसऱ्या खेपेला त्याचा मित्र नितीन प्यायला आणि पार्किंगच्या कट्ट्यावर बसून आपल्या शेठला शिव्या देत लहान पोरासारखा रडला. योगराजने त्याच्या पाठीवरून हात फिरवत, ‘बोल बोल, मन मोकळं कर’ म्हणत सगळं मोबाइलमध्ये घेतलं. सकाळी येताना गाडीत ते मोठ्या आवाजात लावलं. पोरं हसली. नितीन खिडकीकडे तोंड करून बसला. दमण ते सुरत त्याने मान वळवली नाही. चार दिवसांनी तो व्हिडिओ शेठकडे पोचला आणि नितीनची नोकरी गेली. पुढच्या खेपेला मागच्या सीटवर कुणीतरी विचारलं, शेठला कुणी पाठवला रे? तेव्हा योगराज जे हसला ते भटूने उजव्या कानाने ऐकलं.

आता हे शोभाबाईला सांगायचं, तर ती बहिणीला सांगणार, बहीण गल्लीला आणि शनिवारपर्यंत सगळ्या मार्केटला कळणार की भटूची गाडी बोलते. गाडी बोलली की बंद पडली. तिचे हप्ते सरायचे होते. पण खरं सांगायचं तर हप्त्यांपेक्षा त्याला आपल्या नावाची काळजी होती. ‘भटूकाकांच्या पोटात गोष्ट राहते’ हा त्याने कमावलेला एकच मोठेपणा होता.

तीन दिवसांनी वर्षाच म्हणाली, “पप्पा, तुम्ही ‘नही पेत’ म्हणालात तेव्हा ताटात का बघत होतात?”

भटू म्हणाला, “रविवारी माझ्यासोबत दमणला चल.”

त्या शनिवारचं भाडं सोडलं आणि घरी सांगितलं, पोरीला समुद्र दाखवून आणतो. अकराच्या सुमारास त्याने ‘कंदील’च्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि सवयीने सीट मागे टाकून पाय लांब केले. वर्षा बाहेर उभी राहून बघत राहिली.

“आत नाही जायचं?”

भटू उठला. दरवानाने त्याला ओळखलं आणि हसत काचेचं दार उघडून धरलं. आत पाऊल टाकल्यावर भटूला जरा वाईटच वाटलं. इतक्या वर्षांत मनात बांधलेला बार केवढा तरी मोठा होता. इथे बारा-चौदा टेबलं, भिंतीवर क्रिकेटचा टीव्ही आणि कोपऱ्यात खरकट्याची बादली. एवढ्यासाठी माणसं दोन जिल्हे ओलांडून येतात?

सुरमई मागवली, दोन लिंबूसोडा मागवले. आणि मग भटूने लेकीला सगळं सांगितलं. नितीनचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं, योगराजचं हसणं सांगितलं. बोलताना त्याचा आवाज चढत होता, डाव्या कानामुळे त्याला तो कळत नव्हता. वर्षाने एकदा त्याच्या हातावर हात ठेवला, तेव्हा तो खाली आला.

“एवढंच होतं तर घरी का नाही सांगितलंत?”

“चौकीच्या अलीकडे मी बोलत नाही, बेटा. इथे बोललो म्हणजे नियम मोडला नाही.”

वर्षाला आधी हसू आलं. मग ती सोड्यातल्या लिंबाकडे बघत बसली. “आणि आईला काय सांगायचं?”

भटूने ‘कंदील’पर्यंतचा विचार केला होता. त्याच्या पुढचा केला नव्हता.

“बरं,” वर्षा म्हणाली. “मी सांगते, मला आवडला नाही.”

संध्याकाळी तिने तसंच सांगितलं आणि शोभाबाईने घर डोक्यावर घेतलं.

“आवडना नही? काय आवडना नही? सोन्यासारखं स्थळ, निर्व्यसनी पोऱ्या! हाई देखा, लिखेल शे! आते लोकं काय म्हनतीन? पोरनं दुसरीकडे जमेल शे, आसंच म्हनतीन ना!” बोलता बोलता तिला रडू कोसळलं. “कोन करी मंग इले?”

वर्षा मान खाली घालून ऐकत होती. भटू दारात उभा होता. त्याने तोंड उघडलेलं दिसताच ती शांतपणे म्हणाली, “पप्पा, तुम्ही रस्ता बघा.”

ती रागाने बोलली नव्हती. बापाचा नियम तिने आपल्या अंगावर घेतला होता, इतकंच. पण जे वाक्य भटूने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर फेकलं, ते त्याला आज पहिल्यांदा स्वतःला ऐकावं लागलं. आपण तोंड मिटून मोठे झालो आणि त्याची किंमत प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मुलीने भरली, हे त्याला तिथे उंबऱ्यावर उभं असताना स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

“बहू रस्ता देखा मी,” तो म्हणाला. “आते बस.”

आणि त्याने गोडादऱ्यात, स्वतःच्या घरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सगळं सांगितलं. शोभाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. त्याचं संपल्यावर ती उठली, देवापुढचा कागद काढला, घडी घालून त्याच्या हातात दिला आणि भाकरी थापायला गेली.

व्हायचं तेच झालं. पुढच्या शनिवारी फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. भटूने शाळेच्या पोरांची ने-आण धरली. त्यात मिळकत थोडी आणि आरडाओरडा लूमच्या खात्याइतका. त्याच्याबद्दल मार्केटमध्ये बरंच वाईट बोललं गेलं आणि त्यातलं काही त्याच्या उजव्या कानापर्यंत आलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी तो गाडी धूत होता, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी राघो दिसला. चार वर्षांत तो या गल्लीत आला नव्हता. तो आला, गाडीजवळ उभा राहिला, ओल्या बॉनेटवर हात ठेवला.

“ऐकं ते खरं शे का? तू बोलाले लागना म्हने.”

भटूने मान डोलावली.

“मंग एक सांग. तवय मी तुले इचारं व्हतं. तो कुंदन... कसा व्हता रे तो पोऱ्या?”

भटूच्या हातातल्या पाइपचं पाणी खाली वाहत राहिलं. रस्ता बघतो म्हणायची सोय आता उरली नव्हती.

“पेत व्हता,” तो म्हणाला. “दोन बिअर. पन पोऱ्या चांगला व्हता, राघो. भलता चांगला व्हता.”

राघोने ते ऐकलं. तो ओट्यावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबत राहिला. आतून शोभाबाईने कोण आलंय म्हणून विचारलं. भटूने पाइप बंद केला, हात पुसले आणि राघोशेजारी जाऊन बसला.