गवराबाईची फुंकर

गवराबाईचं नाव निघालं की मी आधी वैतागते. लोकांना तिच्याविषयी एकच वाक्य पाठ झालंय, "तीच ना, जिनं स्वतःच्या नातीला खोकला लावला?" अरे, पंचवीस वर्षं त्या बाईनं तुमची बाळंतपणं केली, तुमची पोरं न्हाऊमाखू घातली, आणि तुमच्या लक्षात काय राहिलं, तर हे! मी नर्स होते. आता रिटायर झालेय, गुडघे गेलेत, आणि कुणाची भीड धरायचं वयही गेलंय. तेव्हा खरं काय झालं ते एकदाचं सांगून टाकते.

सत्तावन्न साली माझी बदली चाकणजवळच्या एका गावात झाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर दर मंगळवारी तळेगावहून यायचे, तेही एसटी चुकली नाही तर. बाकीचे सहा दिवस मी आणि माझी औषधांची पेटी. पाच गावं पायी फिरायची. मी मूळची कराडची, मला इथल्या वाटाही ठाऊक नव्हत्या. संध्याकाळी पायाला असे गोळे यायचे की चूल पेटवायचाही जीव व्हायचा नाही. पुष्कळदा मी चुरमुरे खाऊन आडवी व्हायचे.

पहिल्याच आठवड्यात गवराबाई दारात आली. गावची सुईण, पन्नाशीची, काटक, तोंडाचा पट्टा कायम चालू. मला वाटलं, ही आता भांडणार. सरकारनं मला धाडलं म्हणजे तिच्या पोटावर पायच की. तर तिनं माझी पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

"चला, वाट दावते. न्हाईतर पडाल वढ्यात, आन् गाव म्हनंल सुईनीनं ढकलली."

तेव्हापासून आमची जोडी जमली. मी नाळ कापायची कात्री उकळून घ्यायला शिकवलं, तिनं मला गाव शिकवलं. तिचं बाळाला न्हाऊ घालणं मी कितीदा पाहिलं असेल! पाय लांब करून पाटावर बसायची, बाळ पायांवर घ्यायची, तेल चोळायची, कढत पाण्याचे तांबे घालायची. शेवटी बाळाला तोंडाजवळ धरून नाकात, कानात, टाळूवर फुंकर मारायची. पाणी राहू नये म्हणून. पण गावाला त्यात काहीतरी गुण वाटायचा. पोर किरकिरलं, आणा गवराबाईकडं. खोकलं, आणा गवराबाईकडं. ती फुंकर घालायची आणि पोरं खरंच शांत व्हायची. मीही हसून सोडून द्यायचे. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

त्या साली ऐन मळणीच्या दिवसांत गवराबाईच्या शेजारच्या गेनबाच्या चार वर्षांच्या पोरीला डांग्या खोकला झाला. आधी आठवडाभर नुसती सर्दी, कुणी लक्ष दिलं नाही. मग उबळ यायला लागली. एका दमात वीस-वीस वेळा खोकायची, तोंड लालबुंद, डोळे बाहेर आल्यासारखे, आणि शेवटी श्वास आत ओढताना लांब 'हूऽप' असा आवाज. त्यामागून ओकारी. आवाज ऐकून कुणीही सांगेल की डांग्या आहे. गेनबाच्या बायकोनं पोरीला पाच सकाळी गवराबाईकडं नेलं. पाचही सकाळी गवराबाईनं तिला मांडीवर घेऊन तोंडावर फुंकर घातली, आणि पोरगी तिच्या तोंडावर खोकली. मी तिथंच होते. काही बोलले नाही. पोरीला पुढं तीन महिने लागले, पण ती वाचली.

मग गवराबाई खोकायला लागली.

साधाच खोकला. 'हूप' नाही, ताप नाही. फक्त जात नव्हता. त्याच वेळी तिची लेक शकू माहेरी आली होती. लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिलं मूल, मुलगी झाली होती. गवराबाई त्या नातीसाठी किती देवांना काय काय नवस बोलली होती, ते तिलाच ठाऊक. बाळ तीन आठवड्यांचं असताना गवराबाई माझ्याकडं आली.

"बाई, ह्यो खोकला हटत न्हाई. उबळ आली की पानी येतं डोळ्याला. पोरीला न्हाऊ घालू का नगं?"

मी चार गावं करून आले होते. चपलेचा अंगठा तुटलेला, डोकं ठणकत होतं. मला कुणी काही विचारलेलंच नको होतं. मी म्हटलं, "अहो, मळणीचा भुसा नाकातोंडात गेलाय. ज्येष्ठमध चघळा. आणि न्हाऊ तुम्ही नाही घालणार तर कोण घालणार?"

"डांग्या न्हाई ना?"

"डांग्या पोरांचा. मोठ्यांना कसला डांग्या?"

हे माझे शब्द आहेत. तिचे नव्हेत, गावाचे नव्हेत, माझे. ती खूश होऊन गेली. आणि रोज सकाळी नातीला पायावर घेत राहिली, नाकात फुंकर मारत राहिली.

पंधरा दिवसांनी शकूनं मला बोलावलं. बाळ दूध ओढत नव्हतं. थोडं शिंकत होतं, मध्येच दोनदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. ते गप्प होणं मला कळलं नाही. मी 'हूप' ऐकायला कान लावून बसले होते, तो आलाच नाही, म्हणून मी म्हटलं सर्दी आहे. मंगळवारी डॉक्टर आले. त्यांच्यासमोरच बाळ खोकलं आणि थांबलं. श्वासच थांबला. ओठ जांभळे झाले, मग नखं. डॉक्टरांनी बाळाला पालथं घेऊन पाठ थोपटली, बोटानं घशातला चिकटा काढला, तेव्हा कुठं ते रडलं.

"डांग्या आहे," डॉक्टर म्हणाले. "एवढ्या लहान बाळात तो आवाज येत नाही. तेवढा जोरच नसतो. ती निळी पडतात आणि त्यांचा श्वासच थांबतो. घरात खोकतं कोण?"

शकूनं आईकडं पाहिलं. गवराबाई पदर तोंडाला लावून खोकत होती.

बाहेर ओट्यावर डॉक्टरांनी मला हळू आवाजात सांगितलं. खोकताना उडालेल्या थुंकीतून हा पसरतो. मोठ्यांनाही होतो, पण त्यांच्यात नुसता रेंगाळतो, म्हणून कळत नाही. खोकणाऱ्या माणसानं तान्ह्याच्या जवळ जायचंच नाही, हाच खरा उपाय, नाहीतर लस. मी मान हलवत राहिले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

गेनबा तिथंच उभा होता. तो म्हणाला, "सायेब, तिकडं पिंपरीला पेनिसिलीनचा येवढा मोठा कारखाना काढलाय. येक सुई मारा की."

"ते याला लागू पडत नाही," डॉक्टर म्हणाले. गेनबाला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सायकल मारत पिंपरीपर्यंत जाऊन आला. फाटकावरच्या माणसानं त्याला पाणी पाजलं आणि परत धाडलं.

गवराबाई त्या दिवसापासून गोठ्यात राहिली. घरात पाऊल टाकलं नाही. आतून बाळाचा आवाज आला की उठून उभी राहायची आणि आवाज थांबला की भिंतीला हात लावून थांबायची. मी दिवसभर शकूजवळ असायचे. बाळाला उभं धरायचं, चमच्यानं दूध द्यायचं, ओकलं की पुन्हा द्यायचं. नऊ दिवस. दहाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, बाळ शकूच्या मांडीवर खोकलं, थांबलं, आणि आम्ही काहीही केलं तरी पुन्हा रडलं नाही.

चौथ्या दिवशी आळीतल्या बाया शकूला भेटायला जमल्या. गवराबाई दाराशी, उंबऱ्याच्या बाहेर. शकूचा आवाज बसला होता. तिनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "नर्सबाई, आयेनं तुमास्नी खोकला दाखवला व्हता ना? तवा तुमी काय म्हनला?"

मी तोंड उघडलं. खरंच सांगते, मी सांगणार होते. निदान आजवर मी स्वतःला तसंच बजावत आलेय.

"त्या नगं म्हनल्या व्हत्या," दारातून गवराबाई बोलली. "पोरीला हात लावू नगा म्हनल्या. म्याच ऐकलं न्हाई. मला वाटलं, कालची पोर मला काय शिकीवती."

शकूनं आईकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती त्याच आठवड्यात सासरी गेली. पुढं माहेराला आली नाही.

मी गवराबाईला गोठ्यात गाठलं. "हे काय केलंत? चोर सोडून संन्याशाला फाशी?" माझा राग माझ्यावरच होता, पण निघाला तिच्यावर.

ती खोकत खोकत म्हणाली, "माज्याकडं आता कोन येनार न्हाई. तुमच्याकडं बी न्हाई आलं, तर पोरं न्यायची कुटं? माजं एकलीचं नाव ग्येलं. दोगींचं कशापायी घालवायचं?"

पुढच्या वर्षी पुण्याहून लसीच्या थोड्या बाटल्या मिळाल्या. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! सुई म्हटलं की बाया दारं लावून घ्यायच्या. तेव्हा गवराबाई माझ्यासोबत पाचही गावं फिरली. तिचा खोकला कधीच थांबला होता, तरी ती कुणाचा उंबरा ओलांडायची नाही. अंगणातूनच सांगायची, "नर्सबाईंचं ऐका गं. म्या ऐकलं न्हाई, तर माजी नात ग्येली."

असं तिनं दारोदार सांगितलं. त्रेचाळीस पोरं सुईला आली. प्रत्येक अंगणात मी तिच्या शेजारी उभी होते, आणि एकाही अंगणात मी म्हटलं नाही की ही बाई खोटं बोलतेय.