एकोणीस घरांचा गवंडी

भिंतीला गेलेला तडा मिस्त्रीला बघवत नसे. दुसऱ्याच्या घरातलासुद्धा नाही, मग स्वतःच्या घरातल्याचं तर विचारूच नका. कुणाकडे चहाला गेला तर कप हातात आणि नजर भिंतीवर. "हा कोपरा कुणी केला हो?" असं विचारून यजमानाचं तोंड उतरवण्यात त्याचा हातखंडा होता. बायको बाजूने कोपर मारायची. काही उपयोग नाही.

गल्लीत एकूण सव्वीस घरं, त्यातली एकोणीस त्याच्या हातची. शेवटचं त्याचं स्वतःचं. दिवसभर लोकांचं बांधायचं आणि उरलेल्या उजेडात आपलं, असं करत चार वर्षं लागली. वीट भिजवल्याशिवाय लावायची नाही, ओळंबा सोडून बघितल्याशिवाय पुढचा थर चढवायचा नाही. "होऊ दे की मिस्त्री आता," म्हणणाऱ्याच्या हातात थापी द्यायचा आणि म्हणायचा, "मग तुम्हीच बांधा." एरवी माणूस गरीब गाय, पण भिंतीच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

आणि नेमकी अशा माणसाच्या घराखालची जमीन खचायला लागली. आता बोला!

गल्लीच्या खाली कोळशाची जुनी खाण होती. चाळीसेक वर्षांपूर्वी ती बंद पडली. कंपनीने तोंडावर काँक्रीटची झाकणं ठोकली, मालक निघून गेले, पुढे कंपनीच बुडाली. खाली बोगदे मात्र तसेच राहिले, लाकडी टेकूंवर. लाकूड ते लाकूड, पाण्यात उभं राहून किती वर्षं टिकणार? समोरच्या घरातला म्हातारा त्या खाणीत पंचवीस वर्षं उतरला होता, म्हणून त्याला सगळे कंदील म्हणायचे. तो सांगायचा, "अरे मिस्त्री, तुझ्या मागच्या खोलीच्या बरोबर खाली बसून मी डबा खायचो. डोक्यावर कुणी संसार थाटेल असं वाटलं नव्हतं रे." वाटलं नव्हतं हे खरं, पण तिथले प्लॉट पाडताना नगरपालिकेने शिक्के मारले होते. शिक्का बघितल्यावर खाली काय आहे हे विचारायचं कुणाला सुचतं?

भिंती तडकायला लागल्यावर गल्लीने अर्ज केले. खाण खातं म्हणालं, जमिनीच्या वरचं आमच्याकडे येत नाही. नगरपालिका म्हणाली, जमिनीच्या खालचं आमच्याकडे येत नाही. माणसं राहत होती बरोबर मधे, त्यामुळे ती कुणाकडेच येत नव्हती. एका साहेबाने सांगितलं कंपनीवर दावा लावा. कंपनी तर केव्हाच मेली होती. दावा काय तिच्या फोटोवर लावायचा?

वर्षभर चपला झिजवल्यावर एकदाचा हुकूम निघाला. घरोघर पाहणी होणार, बाधित घरांची यादी होणार आणि यादीत नाव असेल त्याला टेकडीपलीकडे सरकारी घर मिळणार. मिस्त्रीच्या गल्लीत साहेब मंगळवारी यायचे होते.

बायकोने बजावलं, "हे बघा, मंगळवारपर्यंत त्या भिंतीला बोटसुद्धा लावायचं नाही."

"नाही लावत. मला काय कळत नाही का?"

रविवारी ती बहिणीकडे गेली. घरात मिस्त्री आणि तो तडा, दोघेच. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत आलेला, आत करंगळी जाईल एवढा. मिस्त्रीने पेपर वाचला, चहा केला, पाठ करून बसून पाहिलं. परका माणूस येणार आणि गवंड्याच्या घरात हे बघणार, ह्या विचाराने त्याच्या जिवाची नुसती तगमग झाली. सुट्ट्या झालेल्या कडा तेवढ्या झाडून घेऊ म्हणून तो उठला. कडा झाडल्यावर भेग आणखी वाईट दिसायला लागली. मग थोडा माल कालवला. संध्याकाळी बायको परतली तेव्हा अख्खी भिंत गिलावा करून, घोटून, वर चुन्याचा हात मारून लख्ख झाली होती.

ती उंबऱ्यातच खाली बसली. "अहो, काय करून ठेवलंत हे?"

"असं उघडं कसं दाखवायचं साहेबाला?"

"का? साहेब काय मुलगी बघायला येणार होते?"

मंगळवारी साहेब आले. भिंतीवरून हात फिरवून म्हणाले, "वा! काम झकास आहे." आणि वहीत लिहिलं, नुकसान आढळले नाही. मिस्त्री गयावया करून सांगायला लागला, आत तडा आहे साहेब, मीच परवा बुजवला. साहेब म्हणाले, मी दिसतं ते लिहितो. तेव्हा ह्याने हातोडी उचलली. "थांबा," साहेब म्हणाले, "आता तुम्ही माझ्यासमोर भिंत फोडणार आणि मी ती खाणीने फुटली म्हणून लिहायचं, होय ना?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकीची पंचवीस घरं यादीच्या कच्च्या मसुद्यात गेली. एकोणीस घरं बांधणाऱ्याचं तेवढं राहिलं.

त्या पंचवीस घरांचंही कुठे भलं झालं? खाण खात्याने यादीला हरकत घेतली, घरं मुळात कच्ची बांधली आहेत म्हणून. प्रकरण सुनावणीला गेलं आणि तारखांवर तारखा पडायला लागल्या. मिस्त्रीचा गिलावाही महिन्याभरात तडकला. त्याने फेरपाहणीचा अर्ज केला, तर कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी त्याला समजावलं. तड्यावर काचेच्या पट्ट्या आडव्या चिकटवायच्या आणि वर तारीख लिहायची. भिंत हलली की काच फुटते, पुरावा होतो. "पण काका, हात बांधून ठेवा. मधे भरलंत तर सगळं फुकट."

दहा महिने त्याने हात बांधून ठेवले. सिमेंट कालवून विटा उचललेल्या माणसाला एवढे श्रम कधी पडले नव्हते. तो भिंतीकडे पाठ करून जेवायचा. सात पट्ट्या लावल्या होत्या, त्यातल्या पाच फुटल्या. मागच्या खोलीची फरशी एका बाजूला वीतभर खाली गेली आणि चौकट तिरकी होऊन दार अर्ध्यावर अडकलं. ते ओढता ओढता बायको उंबऱ्यावर पडली आणि गुडघा कायमचा दुखावला. मग त्यांनी ती खोली सोडून दिली. स्वयंपाक, झोपणं, भांडणं, सगळं पुढच्या एका खोलीत.

फेरपाहणीला दुसरे साहेब आले. तरुण होते आणि दमलेले दिसत होते. त्यांनी काचा बघितल्या, दार बघितलं, बायकोचा गुडघाही बघितला.

"काका, तडा खरा आहे. पण खाणीमुळे असं लिहिलं तर तुमची फाईल त्या पंचविसांच्या ढिगात जाऊन पडेल. तिचा निकाल कधी लागेल ते मलाही सांगता यायचं नाही. त्यापेक्षा बांधकामातला दोष असं लिहिलं, तर हे नगरपालिकेच्या धोकादायक घरांच्या यादीत बसतं. महिन्याभरात दुसरं घर मिळेल. फक्त बांधणाऱ्याचा जबाब लागतो. बांधलं कुणी?"

"मी."

"मग तर सोपंच आहे."

जबाबाचा मजकूर साहेबांनीच सांगितला. पाया उथळ घेतला, भिंती ओळंब्यात नाहीत, माल निकृष्ट वापरला. मिस्त्री कागद घेऊन पुढच्या खोलीत बसून राहिला. एखाद्याने भर चौकात थोबाडीत मारावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

"ह्यातलं एक अक्षर खरं नाही गं," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. तुम्ही सरळ बांधलंत ते मला माहीत आहे, ह्या घराला माहीत आहे," बायको म्हणाली. "पण मला आता सरळ भिंत नको, मला दार लागणारं घर हवंय. कंटाळले हो मी. करा सही."

त्याने सही केली.

घर मिळालं, आणि खरंच महिन्याभरात मिळालं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बायकोने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, आणि एका बोटाने कडी सरकलेली बघून लहान मुलीसारखी हसली. मिस्त्रीने भिंतीवर टिचकी मारली. आवाज पोकळ आला. गिलावा कुणीतरी घाईत उरकला होता. जन्मात पहिल्यांदा तो भिंतीबद्दल काही बोलला नाही. तिच्या हसण्यावर विरजण घालायची त्याची छाती झाली नाही.

दोन महिन्यांनी कंदील आला. दोन मजले चढून धापा टाकत होता, पण पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. खिशातून एक कागद काढून मिस्त्रीच्या हातात दिला. खाण खात्याने सुनावणीत दाखल केलेल्या म्हणण्याची नक्कल होती. त्यात लिहिलं होतं की सव्वीसपैकी एकोणीस घरं ज्या गवंड्याने बांधली, त्यानेच आपण निकृष्ट बांधकाम केल्याचं सहीनिशी कबूल केलं आहे. सबब नुकसानीचा खाणीशी संबंध नाही. खाली मिस्त्रीचा जबाब जोडलेला होता.

"माझंही घर तूच बांधलंस रे," कंदील म्हणाला. "तेही वाकडं बांधलंस का?"

"नाही दादा. शप्पथ नाही."

"मग हे काय लिहून दिलंस?"

एवढ्या दिवसांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कागदावर त्याने फक्त आपलं घर बघितलं होतं. कंदील ओरडला असता, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो नुसता जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत गेला.

बायकोने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सही करा असं मीच म्हटलं."

"सही माझी आहे."

"आता काय करणार?"

"गुरुवारी सुनावणी आहे," तो म्हणाला. पुढे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

गुरुवारी आठलाच तो घरातून निघाला आणि कचेरीत बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घालून थांबला. दालन गल्लीने भरलं होतं. बाकावर कुणी सरकून जागा दिली नाही, तेव्हा तो भिंतीला टेकून उभा राहिला. नाव पुकारल्यावर पुढे गेला आणि एका दमात म्हणाला, "साहेब, माझा तो जबाब खोटा आहे. माझ्या भिंती सरळ होत्या. जमीन खचली."

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहिलंत?"

"हो."

"कशासाठी?"

"घरासाठी."

"आणि आज खरं बोलताय हे कशावरून?"

तेवढ्यात खाण खात्याचे वकील तावातावाने उठले. हा माणूस सोयीप्रमाणे बोलतो, कालपर्यंत घर हवं होतं, आज शेजाऱ्यांची भीती आहे, ह्याच्या शब्दाला काडीची किंमत देऊ नये, अशी मिस्त्रीची त्यांनी पुरती सालटी काढली. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. सदर इसम विश्वासार्ह नाही. त्याचा कोणताही जबाब ग्राह्य धरू नये."

"कोणताही म्हणजे साहेब?" मिस्त्रीने विचारलं. "आधीचाही?"

वकिलांनी चटकन मान वर केली. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण स्वतःचेच शब्द गिळायचे कसे?

"आधीचाही," साहेब म्हणाले. "दोन्ही बाद."

"म्हणजे तो ह्या लोकांच्या फाईलीतून निघणार?"

"निघणार."

"मग लिहा साहेब. मी खोटारडा आहे असं स्पष्ट लिहा. सही करतो."

बाकांवर कुणी हललं नाही. गल्ली काही जिंकली नव्हती. जिथे होती तिथेच पुन्हा आली होती. पुढची तारीख पडणारच होती. कारकुनाने कागद पुढे सरकवला आणि मिस्त्रीने वेळ घेऊन, एकेक अक्षर नीट काढत सही केली.

"एक लक्षात ठेवा," साहेब म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज जरा उतरला होता. "तुम्हाला मिळालेलं घर त्या जबाबावर मिळालंय. ते परत करावं लागेल. तीस दिवसांची मुदत आहे."

मिस्त्रीने मान हलवली. बायकोला हे कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. इतक्यात मागच्या बाकाचा करकर आवाज झाला. ती आलेली आहे हे त्याला माहीतच नव्हतं. दुखरा पाय ओढत, एकेका बाकाचा आधार घेत ती पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि साहेबांच्या टेबलावर दोन किल्ल्या ठेवल्या.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "सामान सकाळीच टेम्पोत भरलंय."