मेंढरांच्या हौदातलं बुश

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मोठ्या मामांचे. आमचं घर करमाडजवळचं, मेंढरांमागं फिरणारं. दहावीनंतर मामांनी मला शहरात, पुंडलिकनगरला स्वतःच्या घरी नेलं आणि इंजिनिअर होईपर्यंत ठेवून घेतलं. घरातला मी पहिला पदवीधर.

त्याआधी मामा नौदलात होते, एका जुन्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये. ते जहाज मुळात एका श्रीमंत कुटुंबाची सहलीची यॉट. नौदलानं ती घेतली, गालिचे काढले आणि पुढच्या डेकवर तोफ बसवली. गस्तीचं काम संपल्यावर तोफही उतरली. मामांच्या काळात ते समुद्राची खोली मोजत फिरायचं. पुढं त्यावर नव्या पोरांना शिकवायला लागले. इंजिनच्या आवाजानं मामांचे कान गेले, पण ते म्हणायचे, "डेकवर पाय ठेवला की तळव्याला कळतं, मशीन खुशीत आहे का नाही."

गेल्या उन्हाळ्यात त्याच जहाजाचं काम शेंद्र्याला मी नोकरी करतो त्या छोट्या वर्कशॉपमध्ये आलं. प्रोपेलर फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जहाजाबाहेर जातो तिथं नळीसारखं एक बुश असतं. जुनं झिजलं होतं. नवं बसून शाफ्ट नीट फिरला तर जहाज शिकवत राहणार, नाही तर भंगारात जाणार. कंत्राटदारानं हे सहज सांगितलं. मी त्याच दिवशी ठरवलं की ते भंगारात जाऊ द्यायचं नाही.

या बुशला तेल नसतं, समुद्राचं पाणीच वंगण. आम्ही आजवर केलेली सगळी कामं कोरड्या मशिनींची. वर्कशॉपच्या शेठनी शाफ्ट आणि बुशमध्ये नेहमीइतकीच फट ठेवायला सांगितली. पण मटेरियल थराथराचं होतं, पाणी पिऊन फुगणारं, म्हणजे फट भरून शाफ्ट अडकणार. मी म्हणालो, एक तुकडा भिजवू, किती फुगतो ते कळल्याशिवाय भोक कापायचं नाही.

"साहेब, इथं प्यायला टँकर येतो," शेठ म्हणाले, "अन् तुम्ही बुशची आंघोळ काढली."

तुकडा मी करमाडला घरी नेला आणि तारेनं बांधून मेंढरांच्या हौदात सोडला. माझे वडील, आबा, येऊन उभे राहिले.

"काय हाय रं ते?"

"मामांच्या जहाजाचं."

"तेल-बिल नाय ना लागलेलं?"

"नाय, धुऊन आणलंय. पाण्यात मीठ टाकावं म्हणतो, समुद्रासारखं."

"मग वेगळी बादली घे. माझी मेंढरं काय नौदलात नाय."

दुसरा तुकडा मिठाच्या बादलीत टाकला. रोज सकाळी दोन्ही मोजायचो. शेठचा फोन यायचा, मी सांगायचो, अजून फुगतंय. शेवटी ते चिडले. "काम दुसऱ्याकडं गेलं तर?"

"जाऊ द्या. पण अडकणारं बुश आपल्या हातून जाणार नाही."

फुगणं थांबलं तेव्हा एकूण जितकं फुगलं तेवढी फट जास्त धरून भोक कापलं आणि बुश घेऊन मी स्वतः गोदीत गेलो. परत आल्यावर मामांना पत्र लिहिलं. ते आता नाशिकला मुलीकडं असतात, आणि फोनवर त्यांना ऐकू येत नाही.

"मामा,
तुमचं जहाज भंगारात जात नाही. शाफ्ट दुपारभर फिरला. तो बाहेर जातो तिथल्या नळीवर मी हात ठेवून पाहिला, गार होती, कुठं घासत नाही. पोरं पुन्हा त्यावर शिकायला येणार आहेत. मशीन खुशीत आहे का, ते मात्र माझ्या तळव्यांना अजून कळत नाही. गोदीतल्या साहेबांना तुम्हाला आणू का, विचारून ठेवलंय. तुम्हाला न्यायला मी रविवारी येतो. चप्पल काढून डेकवर उभे राहा आणि सांगा."